बाद मतं

आमच्या शाखेची मतपेटी म्हणजे सलाइनच्या बाटल्यांचं रिकामं खोकं. वरच्या बाजूला सर्जिकल ब्लेडने पाडलेली फट, चारी कडांना चिकटपट्टी, आणि पट्टीवर आडवी माझी सही, निवडणूक अधिकारी म्हणून. लोखंडी पेटी करून घ्यायचा ठराव दर दोन-तीन वर्षांनी सर्वसाधारण सभेत एकमताने मंजूर होतो आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा कुणाच्या तरी नर्सिंग होममधून खोकं येतं. एका वर्षी आलेल्या खोक्यावर ‘लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका’ असं छापलेलं होतं. ते झाकायचं कुणाच्या मनात आलं नाही.

इंडियन मेडिकल असोसिएशनच्या आमच्या शाखेत हे काम माझ्याकडे बरीच वर्षं आहे. मी जनरल प्रॅक्टिशनर. साधा एमबीबीएस, एसटी स्टँडच्या मागे दवाखाना. या कामासाठी मलाच का धरतात, यात गुपित काही नाही. मी कुणाच्या स्पर्धेत नाही, मी स्वतः कधी उभा राहणार नाही याची सगळ्यांना खात्री आहे, आणि रविवारी संध्याकाळी मला दुसरा उद्योग नसतो. बायकोच्या मते तिसरं कारण हेच पहिलं.

यातली अडचण वेगळीच आहे. मतदान गुप्त असतं, आणि मतदार कोण, तर ज्यांचं अक्षर मी रोज वाचतो तीच माणसं. मी पेशंट पाठवतो तेव्हा सोबत चिठ्ठी देतो, तिकडून उत्तराची चिठ्ठी येते. तीस वर्षं हा पत्रव्यवहार चाललाय. आमचे हाडांचे डॉक्टर शब्दाची सुरुवात नीट करतात आणि उरलेला शब्द रेघेसारखा ओढून सोडून देतात. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम सहीखाली दोन टिंबं देतात. बालरोगवाल्यांचं अक्षर इतकं सुबक आहे, की ते खरंच डॉक्टर आहेत का अशी शंका यावी. गावातल्या सगळ्या डॉक्टरांचं अक्षर लागणारी माणसं दोनच प्रकारची, मेडिकलवाले आणि मी. मतपत्रिकेवर नुसती बरोबरची खूण असते खरी, पण ती पाहूनही मी निम्म्यांची नावं सांगू शकेन. म्हणून मोजणीला बसताना मी जवळचा चष्मा काढून खिशात ठेवतो. खूण दिसते, हात ओळखू येत नाही. या वयात डोळे अधू झाल्याचा एवढा एक उपयोग.

हॉलमध्ये शिरलं की समोर लाकडी फलक आहे. आजवरच्या अध्यक्षांची नावं, सोनेरी अक्षरात, वर्षांसकट. पहिली काही नावं आता फक्त रस्त्यांना आणि एका धर्मार्थ दवाखान्याला उरलीत. दर एप्रिलमध्ये पेंटर येतो, एक ओळ वाढवतो, जुन्या दोन ओळींवर हात फिरवतो. या एका ओळीसाठी चाललेली धडपड मी इतकी वर्षं पाहतोय. अर्जांची छाननी झाली की चहा येतो, आणि चहा पिताना मी प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारतो. अधिकारात नाही, आपला कुतूहल म्हणून. “सर, तुम्हाला हे कशाला हवंय?”

बहुतेक जण ‘सेवा’ म्हणतात. त्यावर मी काही बोलत नाही, बिस्किटं पुढे करतो. पण काही उत्तरं लक्षात राहिली. एक जण म्हणाले, मुलगा एमडी करून येतोय, त्याची चार जणांत ओळख व्हायला हवी. एकाचे वडील फलकावर होते. एक ज्येष्ठ सर्जन, जे एरवी कामापलीकडे बोलत नाहीत, ते कप खाली ठेवून म्हणाले, “दिवसभर पेशंट डॉक्टरसाहेब, डॉक्टरसाहेब करतात. एकदा डॉक्टरांनी मला सर म्हणावं असं वाटतं.” इतकं खरं उत्तर मी कुठल्याच निवडणुकीत ऐकलेलं नाही. ते पडले.

आणि एक तरुण बालरोगतज्ज्ञ होता. तो म्हणाला, शाखेतली सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाची व्याख्यानं, औषध कंपन्यांच्या पैशावर घ्यायची नाही. माणशी तीनशे रुपये काढू, हॉलवरच खिचडी-कढी करू, आणि जो विषय शिकायचाय तो शिकू, कंपनीला विकायचाय तो नको. सीएमईचं महत्त्व बाहेरच्यांना सांगायला हवं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी तीस क्रेडिट पॉइंट लागतात, आणि ते अशा व्याख्यानांतून मिळतात. व्याख्यान हॉटेलात असतं, मागे कंपनीचा फलक असतो, व्याख्यानानंतर जेवण असतं. काही सभासद थेट तिसऱ्या भागाला येतात. त्या मुलाला मतं पडली एकोणतीस. खिचडीला एकोणतीस मतं म्हणजे मी कमी मानत नाही, पण त्याने मानली. पुन्हा उभा राहिला नाही.

अध्यक्षाला काम काय असतं? महिन्याची सभा, १ जुलैचा डॉक्टर्स डे, शिबिरं, शाळांमधली तपासणी, हे वरवरचं. खरं काम फोनवरचं. कुणाच्या हॉस्पिटलचं फायर ऑडिट अडलंय, कुणाचं नर्सिंग होम रजिस्ट्रेशन नूतनीकरणाला जाऊन पडलंय, बायोमेडिकल कचऱ्याची गाडी चार दिवस आली नाही, सोनोग्राफीच्या फॉर्ममध्ये एक रकाना रिकामा राहिला म्हणून मशीनला सील लागायची पाळी आलीय. आणि संप. दिल्लीहून आदेश येतो, मग गावातल्या प्रत्येक दवाखान्याला फोन लावावा लागतो. ओपीडी बंद, इमर्जन्सी चालू, हे समजावत बसायचं. कोलकात्याच्या त्या तरुण डॉक्टरच्या बलात्कार आणि खुनानंतर १७ ऑगस्ट २०२४ ला देशभर चोवीस तासांचा बंद झाला, तेव्हा कुणाला समजवावं लागलं नाही. २०२० च्या डिसेंबरात मात्र, आयुर्वेदाच्या पदव्युत्तरांना अठ्ठावन्न शस्त्रक्रियांची परवानगी दिल्याच्या विरोधातला बंद होता. माझ्या शेजारचे दवाखानेवाले आयुर्वेदाचे, वीस वर्षांचे मित्र. मी शटर ओढलं, त्यांनी माझे ताप-खोकल्याचे पेशंट पाहिले आणि संध्याकाळी मलाच चहाला बोलावलं. अध्यक्षांना हे कळू दिलं नाही.

आता उभं कोण राहतं, यात एक गंमत आहे. बाहेरून सगळे डॉक्टर सारखे दिसतात, पण आत उतरंड आहे आणि उतरंडीखाली पेशंटची वाट आहे. पेशंट आधी जी.पी.कडे येतो, जी.पी. त्याला वर पाठवतो. म्हणजे वर्षभर कन्सल्टंट मोठा आणि जी.पी. लहान, पण मार्चमध्ये जी.पी. मोठा, कारण मतं त्यांची जास्त. रेडिऑलॉजिस्ट फारसे उभे राहत नाहीत. त्यांच्याकडे सगळ्यांकडून पेशंट येतात, मग दुखवायचं कुणाला? पॅथॉलॉजिस्टचंही तेच, ते दुसऱ्याचे प्रतिनिधी म्हणून भांडतात. मोठ्या हॉस्पिटलवाले हमखास उभे राहतात. पाठवण्या-बोलावण्याच्या या व्यवहारात पाकीट किती आणि सौजन्य किती, हे मी इथे उलगडत बसत नाही. कट प्रॅक्टिसविरोधात, म्हणजे पेशंट पाठवण्याच्या कमिशनविरोधात, कायद्याचा मसुदा करायला राज्य सरकारने २०१७ मध्ये समिती नेमली, तेव्हा आमच्या हॉलमध्ये त्यावर दोन तास चर्चा झाली होती. त्या दोन तासांत ‘कट’ हा शब्द कुणी उच्चारला नाही. सगळे ‘तो विषय’ म्हणत होते. मीही.

राहता राहिले भूलतज्ज्ञ. माझं ठाम मत आहे, की शाखा चालवायला यांच्याइतका लायक माणूस नाही. त्यांना स्वतःचं हॉस्पिटल नसतं. गाडीत बॅग टाकून सकाळी सातपासून या ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरातून, त्या ओटीत. कुणाचा ऑक्सिजन वेळेवर असतो, कुणाची नर्स शिकलेली आहे, कोण रात्री घाबरतो आणि घाबरला की कुणावर ओरडतो, सगळं त्यांना ठाऊक असतं. आणि पेशंटला त्यांचं नावही ठाऊक नसतं. ‘ते भूल देणारे.’

मार्च २०१९ ला अध्यक्षपदासाठी दोनच अर्ज राहिले. एक आमचे मोठे सर्जन, पन्नास खाटांचं हॉस्पिटल. दुसऱ्या भूलतज्ज्ञ मॅडम. फलकावर तोवर एकही बाई नव्हती. आमच्याकडे महिला डॉक्टरांना सहसचिव करायची रीत आहे, आणि सांस्कृतिक समिती. पदग्रहणाच्या दिवशी दारातली रांगोळीही ‘मॅडमलोक बघतील’ यात बसते.

मॅडमना मी नेहमीचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “यादी करायचीय.”

“कसली?”

“दिवाळीत कोण उघडं असणार त्याची. चार दिवस गाव बंद असतं सर. पोटात दुखणाऱ्या माणसाने सहा दारं वाजवायची, सातवं उघडतं. आपण आपसात वाटून घेऊ, कागद छापू, प्रत्येक मेडिकलवर लावू. रक्तगटांचीही एक करायची. एवढंच.”

इतक्या वर्षांत पेशंटचा उल्लेख असलेलं हे पहिलं उत्तर होतं. बाकीच्यांचं ‘डॉक्टरांच्या पाठीशी खंबीरपणे’ इथे सुरू होऊन तिथेच संपतं. चुकीचं नाही ते, लोक हात उगारतात तेव्हा पाठीशी कुणीतरी लागतंच. २०१० पासून राज्यात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण कायदा दाराशी उभा राहत नाही.

प्रचार सुरू झाला. मॅडमनी गटावर एक संदेश टाकला, सहा ओळींचा, आणि गप्प बसल्या. मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एका सीझरच्या वेळी कुणी त्यांना म्हणालं, “मॅडम, मत मागा की.” तर म्हणे, “आत्ता बीपी बघू दे.”

सर्जनसाहेब मात्र मागण्यात पटाईत. पटाईत हा शब्द मी आदराने वापरतोय. ते माझ्या दवाखान्यात आले तेव्हा सोमवारची गर्दी होती. कंपाउंडर त्यांना थेट आत सोडायला निघाला, तर “नाही, नंबराने” म्हणून बाकावर बसले. एका बाजूला नाक गळणारं पोर, दुसऱ्या बाजूला दम्याचे एक म्हातारबाबा. बाबांनी आस्थेने विचारलं, “तुम्हाला काय होतंय?” साहेब म्हणाले, “निवडणूक.” बाबा म्हणाले, “वयच आहे.” पंचवीस मिनिटं ते बसून होते. पोराला त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसलं. मी मत देत नसतो, निवडणूक अधिकाऱ्याने देऊ नये असं माझं आपलं तत्त्व, आणि हे त्यांना माहीत होतं. तरी आले. मी विचारलं, कशाला आलात? तर म्हणाले, “सर, तुमचं मत नको. तुमच्या बाकावर बसलेलो चार लोकांनी पाहिलं ना, झालं.”

मतदान रविवारी दहा ते पाच. आमच्याकडे मतदानाला येतात ते इंजेक्शन द्यायला आल्यासारखे, गाडी चालूच. मी टेबलाशी, डोक्यावर डॉ. बिधानचंद्र रॉय यांची तसबीर. १ जुलैला तिची धूळ पुसली जाते. त्यांचा जन्मही १ जुलैचा, मृत्यूही १ जुलैचा, १८८२ आणि १९६२. दुपारी दोननंतर मतदार आटले, की त्या तसबिरीखाली बसून मला नेहमी जुन्यांची आठवण येते. ही संघटना जन्मली कलकत्त्यात, १९२८ च्या डिसेंबरात, अखिल भारतीय वैद्यकीय परिषदेच्या पाचव्या अधिवेशनात, आणि त्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते मुंबईचे सर्जन डॉ. गो. वि. देशमुख. मुंबईकर ज्याला पेडर रोड म्हणतात, तो कागदोपत्री डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग, तेच हे. हिंदू विधवांना नवऱ्याच्या मिळकतीत हक्क देणारा १९३७ चा कायदा त्यांनी लावून धरला, लोक त्याला देशमुख कायदाच म्हणत. केईएमचे पहिले डीन डॉ. जीवराज मेहताही आयएमएचे अध्यक्ष होऊन गेले, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. रॉय पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झाले. तेव्हाची माणसं या खुर्चीवरून कुठे पाहत होती आणि आम्ही कुठे पाहतो, असा विचार मनात येतो. मग आठवतं, की त्यांनाही कुणाकडे तरी मतं मागावी लागलीच असतील, आणि मग मी डबा उघडतो.

आज देशभरात साडेतीन लाखांवर सभासद आहेत. शाखा, मग राज्य, मग दिल्ली, अशी शिडी. धुळ्याचे डॉ. रवी वानखेडकर २०१८ मध्ये राष्ट्रीय अध्यक्ष होते. तेव्हापासून आमच्याकडच्या दोघा-तिघांना वाटू लागलंय, की धुळ्याहून दिल्ली जर एवढी जवळ, तर आपल्या गावाहूनही फार नसावी.

पाचला दार बंद केलं. २१४ सभासदांपैकी १६३ जणांनी मतदान केलेलं. सर्जनसाहेबांकडून प्रतिनिधी म्हणून हाडांचे डॉक्टर, मॅडमकडून पॅथॉलॉजिस्ट. मॅडम स्वतः एका अडलेल्या बाळंतिणीच्या केसला गेलेल्या. मी चष्मा खिशात ठेवला आणि खोकं फोडलं.

दोन गठ्ठे बरोबरीने वाढत होते. तिसरा, बाद मतांचा, दर वर्षी असतोच. एकाने दोन्ही चौकोनांत खुणा केलेल्या. एकाची खूण दोन चौकोनांच्या बरोबर मधोमध, अनेक वर्षं दोन्हीकडे पेशंट पाठवून असा तोल येतो. एक मतपत्रिका कोरी, खाली लिहिलेलं, ‘कोणीही या, हॉलचा पंखा दुरुस्त करा.’ हे वाचायला चष्मा लागला, आणि तो मी पुन्हा काढायला विसरलो. तिथे घोळ झाला.

कारण त्यानंतर एक मतपत्रिका निघाली, तिच्यावर नीट खूण होती आणि खाली सही. मग आणखी एक. एकूण सहा. एकाने सहीखाली तारीख टाकली होती. एकाने रजिस्ट्रेशन नंबरही. नियम घालणाऱ्यांनी प्रत्येक कागदावर नंबर टाकायची सवय लावली, ती अशी अंगात भिनलेली. डॉक्टरच्या हातात पेन आणि छापील कागद दिला, की हात आपोआप खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जातो. दाखल्यावर सही, केसपेपरवर सही, विम्याच्या फॉर्मवर सही, मृत्यूच्या कागदावर सही. फरक इतकाच, की तिथे सही नसली तर कागद बाद, इथे असली तर.

सहाही सह्या मी ओळखल्या. चष्मा होता. पाच खुणा मॅडमसमोर, एक साहेबांसमोर. आणि त्या पाचांतली एक सही अशी होती, की मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. त्या हातची चिठ्ठी माझ्याकडे आठवड्यातून दोनदा येत असे, आणि ज्या लेटरहेडवर येत असे त्यावरच्या पहिल्या नावासमोर खूण नव्हती. ती व्यक्ती आता आमच्या गावात नाही, म्हणून एवढं तरी लिहितोय.

मी सहाही उलट्या केल्या आणि वर हात ठेवला.

सर्जनसाहेब ७९, मॅडम ७५, बाद ९.

पॅथॉलॉजिस्टना आकडे लवकर दिसतात, आयुष्य त्यात गेलेलं. मी मतपत्रिका उलटवत होतो तेव्हा सह्या नाही पण खुणा त्यांनी पाहिल्या होत्या. “यातल्या पाच आमच्या आहेत,” ते म्हणाले. “एक त्यांची. मोजा. ८० आणि ८०.” मी म्हटलं, नियमात आहे, मतदाराची ओळख पटेल अशी खूण असली तर मत बाद. ते उसळले. “सही केलेलं मत खोटं आणि न केलेलं खरं? बँकेत उलटं असतं!” हाडांचे डॉक्टर म्हणाले, “मग बघूच या कोणाकोणाच्या सह्या आहेत.” आणि त्यांचा हात टेबलावर आला. तो माणूस वाईट नाही. पण त्या क्षणी त्यांना निकालापेक्षा नावं हवी होती, आणि हे पॅथॉलॉजिस्टच्या लक्षात आलं नव्हतं. तेही म्हणाले, “हो, बघू या.”

तेवढ्यात मॅडम आल्या. कपाळावर टोपीच्या नाडीचा वळ, हातात गाडीची किल्ली. “दोघंही ठीक आहेत,” असं आधी म्हणाल्या. कोण दोघं, हे कळायला आम्हाला वेळ लागला. मग मी आकडे सांगितले, बाद मतांची भानगड सांगितली. त्यांनी माझ्या हाताखालच्या उलट्या कागदांकडे पाहिलं.

“सह्या वाचता येतात?”

“येतात.”

“मग उलट्याच असू द्या. पाकिटात घाला, आत्ता, माझ्यासमोर.” आणि पॅथॉलॉजिस्टना बाजूला घेऊन हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं, म्हणाल्या, “अरे, ज्यांनी सही केलीय त्यांना उद्या सकाळी कामावर जायचंय.”

मी पाकीट चिकटवलं. लाख नव्हती, म्हणून प्लास्टरची पट्टी लावली. मॅडमनी निकालाच्या कागदावर सही केली, साहेबांना फोन करून अभिनंदन केलं आणि घरी गेल्या. टेबलावर गाडीची किल्ली विसरल्या होत्या, त्यासाठी परत आल्या.

साहेबांचं वर्ष चांगलं गेलं. पंखा दुरुस्त झाला. त्यांना मागता येत असे, आणि मागता येणाऱ्या माणसाला कलेक्टर कचेरीत वाट सापडते. त्या पावसाळ्यात एका हॉस्पिटलात बाळंतपणानंतर रक्तस्रावाने एक मुलगी गेली. दीड-दोनशे माणसं जमली, एक काच फुटली. गटावर आम्ही हात जोडल्याची चित्रं पाठवत होतो, निषेध, तीव्र निषेध. साहेब मागच्या दाराने आत गेले नाहीत, पुढच्या दाराने गेले. आवारातली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि मुलीच्या सासऱ्यांपुढे ठेवली. “काका, आधी बसा.” म्हातारा बसला. म्हातारा बसल्यावर त्याच्या भावकीतली पाच-सात माणसंही खाली बसली, आणि बसलेल्या माणसाला दगड मारता येत नाही. पोलीस यायला पाऊण तास लागला, तोवर साहेब त्याच्या शेजारी उकिडवे बसून होते. दुसऱ्या दिवशी दार लावून त्यांनी त्या हॉस्पिटलच्या डॉक्टरला काय सांगितलं, तेही मला नंतर कळलं. “रक्त अर्धा तास आधी मागवायला हवं होतं.” हे वाक्य त्यांनी दाराबाहेर कधी उच्चारलं नाही. असोसिएशनचा अध्यक्ष ते बाहेर उच्चारू शकत नाही, आणि मला तेच खटकतं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणल्या, त्या निकालाच्या नावातच आमची संघटना आहे, विरोध करणारी बाजू म्हणून. तेव्हापासून आम्ही चूक म्हटलं की आधी वकील आठवतो. तरीही त्या रात्री खुर्ची उचलायला सुचलं ते साहेबांनाच. मॅडमना सुचलं असतं का, मी विचार केलाय. नसतं, असं वाटतं. त्या सरळ आत, ओटीत गेल्या असत्या.

पुढची निवडणूक २२ मार्च २०२० च्या रविवारी ठेवली होती. जानेवारीत पाच जण इच्छुक होते. अर्ज आले तीन. पुण्यात ९ मार्चला पहिले पेशंट सापडले, आणि १५ तारखेला, माघारीच्या दिवशी, दोघांनी घरगुती कारणं लिहून माघार घेतली. उरला एक अर्ज. मतदानाच्या दिवशी जनता कर्फ्यू होता. सलाइनचं खोकं मी आणून ठेवलं होतं, त्यात नंतर मास्क भरले.

बिनविरोध आलेल्या मॅडमनी यादी केली. दिवाळीची नव्हे. कोणत्या दिवशी कोणता दवाखाना तापाचे पेशंट पाहील, याची. साठीच्या वरच्यांना वगळलं, मी थोडक्यात वाचलो नाही, अठ्ठावन्नचा होतो. गुरुवार आणि रविवार माझे. पीपीई किट येईपर्यंत मी रेनकोट घालून पेशंट पाहिले, एप्रिल महिन्यात. नळी घालायचं काम, ज्यात पेशंटचा श्वास थेट तोंडावर येतो, ते गावात दोन-तीनच जण करत, त्यात मॅडम होत्या. पहिल्या लाटेत देशात सातशेवर डॉक्टर गेल्याचं आयएमएने जाहीर केलं. आमच्या शाखेतले दोन. त्यातले एक, रजिस्ट्रेशन नंबर टाकणारे.

त्या वर्षी पदग्रहण झालं नाही, पदकाची कॉलर कपाटातच राहिली. पेंटर आला तो थेट २०२२ मध्ये, दोन्ही वर्षांची नावं एकदमच लिहायला. ‘सौ. लिहू का?’ त्याने विचारलं. मॅडम तिथेच होत्या, म्हणाल्या, “वरच्या कुणाला श्री. लिहिलंय का?”

बाद मतांचं ते पाकीट नियमाप्रमाणे सहा महिन्यांनी नष्ट करायचं होतं. ते केलं, सप्टेंबरमध्ये, घरामागे, पालापाचोळ्याबरोबर. प्लास्टरची पट्टी जळताना फार वास येतो.

परवा साहेब दवाखान्यात आले. आता राज्याच्या पदासाठी उभं राहायचं चाललंय. केस पांढरे झालेत, पण बसले बाकावरच, नंबराने. आत आल्यावर इकडचं तिकडचं बोलले, कोणती शाखा आपली, कोणती नाही. निघताना दाराशी थांबले.

“सर, एक विचारू? त्या वर्षी बाद मतांवर कोणाच्या सह्या होत्या हो? आता सांगायला काय हरकत आहे.”

मी पुढच्या पेशंटचा कागद ओढला.

“डॉक्टरांचं अक्षर, साहेब,” मी म्हटलं. “मला कुठलं लागतंय.”